रिकाम्या खुर्चीला मुजरा

१

राजवाड्यात आम्ही सगळे एका खुर्चीला मुजरा करत असू.

राजा तिच्यात बसलेला असो नाहीतर नसो. मोठ्या दालनाच्या टोकाला, जरीच्या छताखाली ती ठेवलेली असे. राजा लांबच्या रानात हरणामागे धावत असला, तरी तिच्यासमोरून जाताना पुरुषांनी टोपी काढायची आणि बायकांनी गुडघ्यात वाकायचं. दुपारी तिच्यापुढे टेबल मांडलं जाई. वाढपी गुडघे टेकून ताटं ठेवत आणि थोड्या वेळाने तशीच गुडघे टेकून उचलून नेत. लहानपणी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. माझा भाऊ अँब्रोज शेजारी उभा होता. त्याने मला चिमटा काढला आणि कानाशी म्हणाला, "ए उंदरे, हसू नकोस. खुर्चीला राग येतो."

या मुजऱ्यात एक मेख आहे. राजा समोर असेल तर वाकायचं आणि तसंच राहायचं. त्याने हात हलवला की मगच उठायचं. कधीकधी तो मुद्दाम विसरे, आणि म्हाताऱ्या सरदारांच्या पोटऱ्या लटपटू लागत. खुर्ची रिकामी असेल तर मात्र वाकायचं आणि आपलं आपण उठायचं. 'ऊठ' म्हणायला तिथे कुणी नसतंच. हा फरक कुणी शिकवत नाही. दरबारातल्या पोरांच्या अंगात तो आपोआप मुरतो.

अँब्रोज माझ्याहून बराच मोठा. वडील गेल्यावर तो लॉर्ड वेनफोर्ड झाला आणि वडिलांची ओकच्या लाकडाची, हात असलेली खुर्ची त्याच्याकडे आली. घरात खुर्ची एकच, आम्हा बायकांना तिवया. पण मला तिवई नकोच असे. मी त्याच्या मांडीवर चढून मागे रेलायची. तो माझ्या टाळूवर हनुवटी टेकवायचा आणि दिवसभराच्या कुचाळक्या सांगायचा. घरी कुणा धर्मगुरूचं प्रवचन लांबलं की माझ्या पाठीवर हलकेच थोपटत राहायचा, म्हणजे मी चुळबुळ करू नये. मी चांगली उंच होईपर्यंत हे चाललं होतं. शेवटी आईसाहेबच ओरडल्या, "घोडी झालीस आता, उतर!"

मग एका शरदात जेवणाच्या वेळी तो म्हणाला, "राजापेक्षा त्याची खुर्ची बरी. रिकामी असते तेव्हा निदान कुणाचं डोकं तरी मागत नाही." सगळे खळखळून हसले. हसणाऱ्यांपैकीच कुणीतरी ते वर पोहोचवलं.

पानगळ संपायच्या आत त्याचं डोकं मागितलं गेलं.

२

राजद्रोह्यासाठी रडणं हाही राजद्रोहच. काळे कपडे घालायचे नाहीत, चर्चमध्ये घंटा वाजवायची नाही, प्रार्थना नाही, नाव तर घ्यायचंच नाही. धड किल्ल्यातल्या चर्चच्या फरशीखाली कुठेतरी पुरलं. डोकं नदीवरच्या पुलाच्या वेशीवर लावलं. नावेतून जाताना पूल जवळ आला की आईसाहेब खाली पाण्याकडे बघत. मीही पाण्याकडे बघे. नावाडीसुद्धा त्या वेळी गप्प बसत, एवढी माणुसकी त्यांच्यात होती.

आम्हाला घालवून दिलं असतं तर बरं झालं असतं. पण आईसाहेब राणीच्या मानकरी बायकांत होत्या, त्या तशाच राहिल्या. ही कृपा नव्हती. आमच्या तोंडावर काय दिसतं ते रोज बघता यावं, एवढ्यासाठी आम्हाला ठेवलं होतं. उपासाचे दिवस लागण्यापूर्वीच्या सणाला राजाने आईसाहेबांना नाचायला सांगितलं. त्या हिरव्या मखमलीत नाचल्या. एकही पाऊल चुकलं नाही. मी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आमच्या खोलीत शिवत बसले होते. खिडकीशी अँब्रोजची खुर्ची होती. राजद्रोह्याचं सगळं राजाचं होतं, त्यामुळे त्याचे कपडे, घोडा, तलवार सगळं नेलं होतं. खुर्ची वाचली ती मार्जरीमुळे. मार्जरी आम्हा दोघांची दाई. सामान उचलायला माणसं आली तेव्हा तिने ओल्या धुण्याचा पिळा खुर्चीत टाकला आणि माझं नाव घेऊन म्हणाली, "ही आमच्या सिसलीबाईंची. हात लावून तर बघा, ओले मोजे थोबाडावर मारीन." ते हसले आणि गेले. तेव्हापासून तिच्यात कुणी बसलं नव्हतं.

आईसाहेब आत आल्या, खुर्चीसमोर थांबल्या आणि वाकल्या.

मी सुईवरून नजरही उचलली नाही. दिवसभर वाकणाऱ्या बाईचे गुडघे आपल्या खोलीत आल्यावरही वाकणारच, असं मनात म्हटलं. पण उठताना रेशमाची जी सळसळ होते ती काही ऐकू येईना. मी वर पाहिलं. त्या वाकलेल्याच होत्या. मान खाली, हात घागऱ्यावर. मी हाक मारणार एवढ्यात त्या उठल्या. आपण होऊन उठलेलं माणूस आणि परवानगी मिळाल्यावर उठलेलं माणूस, दोन्ही मी लहानपणापासून पाहत आले आहे.

त्या आतल्या खोलीत निघून गेल्या. मी टाका घातला. तो वाकडा पडला, मी उसवला.

३

मी भुताखेतांना मानणारी नव्हे. तशीही त्या दिवसांत त्यांची पंचाईतच होती. मेलेला जीव मध्ये कुठेतरी थांबतो, शुद्ध होतो, असं जुने धर्मगुरू सांगत. नवे म्हणू लागले की मधलं काही नाही, माणूस सरळ वर जातो किंवा खाली. म्हणजे परत यायला वाट नाही आणि थांबायला जागा नाही. मला ते पटलं होतं. दुःखाने आईसाहेबांचं डोकं थोडं फिरलंय, असं मी ठरवून टाकलं. त्यात नवल काय? नवल होतं ते माझं फिरलं नाही याचं.

मुजरा मात्र रोज होऊ लागला. येताना एक, जाताना एक.

मग मार्जरीची कुरकुर सुरू झाली. आमच्या खोल्यांत जमिनीवर लव्हाळे अंथरलेले असत. ते जुने झाले म्हणून तिने सगळे काढून हिरवे, ताजे पसरले होते. दुपारी ती कमरेवर हात ठेवून खिडकीशी उभी.

"सिसलीबाई, बसू नका म्हटलं ना तिथे."

"मी कुठे बसले?"

"मग हे बघा."

खुर्चीच्या पुढ्यात लव्हाळे दोन ठिकाणी दबले होते. बाकी सगळीकडे ते फुगीर होते, नवं गवत असतं तसे. तिथे तेवढे चेपलेले. दोन्ही जागा लांबट, एकमेकींपासून थोड्या अंतरावर. पुरुष पाय फाकवून ऐसपैस बसतो तेवढ्या अंतरावर.

"कुत्रं बसलं असेल," मी म्हणाले.

"आपल्याकडे कुत्रं आहे का?"

"शेजारचं असेल."

मार्जरीने माझ्याकडे पाहिलं. म्हातारीची नजर धारदार होती. मग तिने हाताने लव्हाळे उकलून फुगवले, वरून मूठभर नवे टाकले. उपासात मांस वर्ज्य, म्हणून आम्ही खारवलेला मासा आणि पाव खाल्ला. ताटं उचलताना मी खिडकीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. मार्जरीने बघितलं, आणि हातातलं ताट तसंच खाली ठेवलं.

त्यानंतर तिने त्या जागी झाडलंही नाही.

४

एका दुपारी मी आईसाहेबांना विचारलंच. त्या केस सोडून बसल्या होत्या, मी विंचरत होते. समोर तोंड नसलं की बोलणं सोपं जातं.

"आईसाहेब, तुम्ही खुर्चीला मुजरा का करता?"

"मोठ्यांना करायचा असतो."

"तो तुमचा मुलगा होता."

"होता ना. पण पुढे गेला." त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, पंगतीत कुणी कुठे बसायचं ते सांगावं तशा. "दारातून जो आधी जातो तो मोठा, जो मागून जातो तो धाकटा. इतकी वर्षं दरबारात काढलीस, एवढं कळत नाही? मी त्याच्याआधी जायची होते. तो गेला. आता मान त्याचा."

माझा हात थांबला. दरबारी रीतीने ते बिनचूक होतं. त्यात वेडेपणा शोधत मी उभी राहिले आणि मला तो सापडला नाही.

"आणि उठता कधी?" मी विचारलं.

"डोक्यावर हात ठेवतो. मग उठते."

खोली उबदार होती, विस्तव चांगला पेटला होता. तरी माझ्या दंडांवर काटा आला.

"बोलतो का काही?"

"नाही." आईसाहेबांचा आवाज पहिल्यांदा हलला. "तेच तर गं. एवढा बडबड्या पोरगा, आणि अवाक्षर नाही. रागावलाय माझ्यावर. मी नाचले ना, पोरी. तो तिकडे, आणि मी हिरवी मखमल घालून नाचले."

"तुम्हाला हुकूम होता."

"त्यालाही माहीत आहे. तरी रागावणारच. मी असते तर रागावले असते." त्यांनी माझ्या हातातून फणी काढून घेतली. "हात ठेवतो एवढं पुष्कळ आहे. पण एक शब्द बोलला असता तर मी सुखाने डोळे मिटले असते."

त्या रडल्या नाहीत. त्याच्या मरणाच्या दिवशी रडल्या नव्हत्या, नंतरही नाही. न रडण्याची सवय आम्हाला इतकी झाली होती की एकांतातसुद्धा ते जमत नसे. मी त्यांचे केस बांधले, टोपी चढवली, आणि खिडकीकडे पाठ करून बाहेर पडले. आयुष्यात मला कशाची एवढी भीती वाटली नव्हती आणि कुणाचा एवढा हेवाही वाटला नव्हता. माझ्या डोक्यावर कुणी हात ठेवला नव्हता.

५

राजवाड्यातल्या खोल्यांचा कारभार मास्टर डॅगेट बघत. लाकडं जास्त जळतात का, मेणबत्त्या कुणी विकत नाही ना, असल्या निमित्ताने ते कुणाच्याही दारात उगवत. तोंडात कायम लवंग, बोलणं गोड. त्यांच्या भेटीनंतर माणसं नाहीशी होत, असं म्हणत. मी म्हणत नाही.

त्या दिवशी ते आले आणि मी दार उघडलं, तेव्हाच आईसाहेब आतल्या खोलीतून बाहेर आल्या. त्यांनी डॅगेटना पाहिलं नाही. सरळ खुर्चीसमोर गेल्या आणि वाकल्या.

मी खोकले. त्यांना ऐकू गेलं असावं, पण त्या उठणार कशा? हात लागायचा होता. डॅगेट उंबऱ्यात उभे राहून बघत होते आणि लवंग चघळत होते. तेवढ्या वेळात मी उभ्या उभ्या म्हातारी झाले. आईसाहेब उठल्या, वळल्या, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"छान," डॅगेट म्हणाले. "राजा समोर असल्यासारखा मुजरा. हल्ली असा मुजरा पाहायला मिळत नाही. कुणाला केलात, बाईसाहेब?"

"माझा गुडघा..." आईसाहेब म्हणाल्या आणि थांबल्या.

"बसा, मास्टर डॅगेट," मी म्हणाले. "मार्जरी, एल आण गं."

ते तिवईवर बसले. "मी साधा माणूस, सिसलीबाई. मला सरळ हिशेब कळतो. ही खुर्ची तुमच्या भावाची असेल, तर ती आता राजाची. मग बाईसाहेबांनी राजाच्या खुर्चीला मुजरा केला, अगदी रीतसर, आणि मी ती आज उचलून नेतो. खुर्ची त्याची नसेल, तर बाईसाहेब वाकल्या कुणाला? आणि इतका वेळ कुणाच्या परवानगीची वाट बघत होत्या?"

डाव नामी होता. अँब्रोजला आवडला असता. मी आईसाहेबांकडे पाहिलं. खुर्ची नेतो म्हटल्यावर त्यांनी दोन्ही हात छातीशी धरले होते. त्या आता काहीतरी बोलतील, त्याचं नाव घेतील, हे मला दिसत होतं. एकदा नाव तोंडातून निघालं की पुलापाशी पाण्याकडे बघायला मी एकटीच उरले असते.

"खुर्ची माझी आहे," मी म्हणाले. "आणि आईसाहेब वाकल्या नाहीत. राजाच्या हुकमावरून नाचल्या, तुम्हीही होतात तिथे, तेव्हापासून त्यांचा गुडघा धरतो. कळ आली की जिथे असतील तिथे खाली बसतात, कळ गेली की उठतात. त्यांना ते सांगायची लाज वाटते, दुसरं काय?"

"तुमची? हातांची खुर्ची? लग्न न झालेल्या मुलीला?"

"वडिलांची लाडकी होते."

डॅगेट हसले. "मग उभ्या का? मी आल्यापासून बघतोय. स्वतःची खुर्ची असून माणूस उभं राहतं का?" त्यांनी मार्जरीच्या हातून जवाच्या दारूचा, एलचा पेला घेतला आणि पाय लांब केले. "बसा की."

६

खिडकीपर्यंत पावलं मोजकीच होती. लव्हाळ्यांवरच्या त्या दोन दबलेल्या जागा मला दिसत होत्या. मी त्यांच्यावर पाय ठेवला नाही. त्यांच्या मधे पाठमोरी उभी राहिले, दोन्ही हातांनी घागरा सावरला आणि बसले.

खुर्चीची बैठक जिथे असायला हवी होती, तिच्याआधीच मला अडवलं गेलं.

मी ओरडले नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो. ओरडावंसं वाटलंच नाही, हे जास्त खरं. शरीराला डोक्याच्या आधी कळतं. ती मांडी माझ्या ओळखीची होती. उजवा गुडघा किंचित वर, तसाच. फक्त गार होती, तळघरातल्या दगडासारखी, आणि तो गारवा घागऱ्याच्या घड्यांतून हळूहळू माझ्यात शिरत होता.

"खुर्ची उंच आहे," डॅगेट म्हणाले.

मी खाली पाहिलं. माझे पाय जमिनीला टेकले नव्हते. मी घागरा पसरून जोडे झाकले.

"जुनी आहे," मी म्हणाले. "तेव्हाची माणसं उंच असत."

ते हसले. मीही हसले. मग ते हवेबद्दल बोलले, नदी यंदा गोठली नाही याबद्दल बोलले. मी "हो का" म्हटलं, "खरंच" म्हटलं. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. माझं अंग थरथरू लागलं, आवरेना. आणि तेव्हा पाठीवर हात आला. हलकेच थोपटू लागला. चुळबुळ करू नकोस, उंदरे. आता संपेल प्रवचन.

माझे डोळे भरून आले. भरलेले डोळे डॅगेटना दिसून चालणार नव्हतं. म्हणून मी वर छताकडे बघत मागे रेलले, लहानपणी रेलायची तशी, टाळूला हनुवटी लागेपर्यंत.

पाठीला छाती लागली. मानेला खांदे लागले. माझं डोकं आणखी मागे गेलं, आणखी मागे, आणि खुर्चीच्या पाठीच्या लाकडावर टेकलं.

मधे काही नव्हतं. खिडकीच्या फटीतून गार वारा येत होता, तो सरळ माझ्या टाळूला लागत होता.

"बरं वाटत नाही का?" डॅगेटनी विचारलं.

"उपास," मी म्हणाले. "मासा सोसत नाही मला."

त्यांनी पेला संपवला. उठले. एकदा माझ्याकडे, एकदा आईसाहेबांकडे पाहिलं. बसलेल्या माणसाला खुर्ची रिकामी होती की नव्हती हे कसं विचारायचं, ते त्यांना सुचलं नसावं. "गुडघ्याला गरम तेल लावा, बाईसाहेब," असं म्हणून ते गेले. जाताना दारात वळले आणि माझ्या दिशेने टोपी काढून वाकले. मग स्वतःच चपापले, टोपीकडे पाहिलं, आणि भरभर चालू लागले.

७

मार्जरीने दार लावलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. जुनी प्रार्थना म्हणत होती, बंदी असलेली.

आईसाहेब जवळ आल्या. खुर्चीसमोर लव्हाळ्यांवर गुडघे टेकून बसल्या, मान खाली घालून.

"आहे ना गं?"

"आहे," मी म्हणाले.

"मी कधी वर पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "मुजऱ्यात मान वर करायची नसते. आणि खरं सांगू, धीरच झाला नाही. त्याच्या तोंडावरचा राग मला बघवला नसता." त्यांनी माझ्या घागऱ्याचा काठ मुठीत धरला. "तू बघ. तू त्याची लाडकी, तुझ्यावर नाही रागावणार. बघ आणि मला सांग. तोंड कसं दिसतंय? फार रागावलाय का?"

पाठीवरचं थोपटणं थांबलं. तोही ऐकत असावा. कशाने ऐकत होता ते देवाला ठाऊक.

एवढा बडबड्या पोरगा का बोलत नव्हता, हे मला कळलं होतं. आता आयुष्यभर ते मला एकटीलाच माहीत असणार होतं. मी मान वळवली. जिथे बघायला हवं होतं तिथे बघितलं. खिडकी दिसली, खिडकीबाहेर राखाडी आभाळ.

"नाही, आईसाहेब," मी म्हणाले. "रागावलेला नाही. हसतोय."

"खरंच?"

"खरंच. तुम्ही विचारलंत म्हणून हसतोय."

"गालाला खळी पडलीय का?"

"पडलीय."

आईसाहेबांनी माझ्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि त्या इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रडल्या. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून माझा घागरा तोंडात धरून रडल्या. मार्जरी दाराशी रडत होती. माझ्या कमरेभोवती दोन गार हात घट्ट मिटले, आणि मी त्यांच्यावर माझे हात ठेवले.

खोलीतला विस्तव विझत आला तरी मी तशीच बसून राहिले. घोडी झालीस आता, उतर, असं कुणीच म्हणालं नाही.